जेट पंख बांधून उड्डाण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेट पंख म्हणजे नेमके काय?

पाठीला पट्ट्यांनी घट्ट आवळलेला कार्बन फायबरचा कडक पंख आणि त्याच्या पोटाशी बसवलेली दोन ते चार छोटी टर्बोजेट इंजिने. चाके नाहीत, शेपूट नाही, आणि मूळ रचनेत वळवण्यासाठी हलणारी पातीही नाहीत. उडणारा हेलिकॉप्टरमधून किंवा विमानातून उडी मारतो, इंजिनांच्या जोरावर काही मिनिटे उडतो आणि पॅराशूटने उतरतो. हा मुळात पॅराशूट उडीचाच प्रकार आहे, फक्त उडी आणि छत्री यांच्यामध्ये इंजिने आली आहेत. ही गोष्ट डोक्यात ठेवली तर पुढची निम्मी उत्तरे आपोआप लागतात. सगळा हिशेब उंचीचा आहे. इंधन, वेग, इंजिनांची ताकद हे सगळे त्यानंतर.

मग जेटपॅक, रॉकेट बेल्ट, विंगसूट हे सगळे एकच की वेगवेगळे?

वेगवेगळे. रॉकेट बेल्ट आणि जेटपॅक माणसाला थेट वर ढकलून धरतात, तिथे पंखाचा संबंध नाही. बेल कंपनीचा रॉकेट बेल्ट १९६१ मध्ये हॅरोल्ड ग्रॅहम यांनी पहिल्यांदा मोकळा उडवला तेव्हा ते उड्डाण १३ सेकंदांचे होते. हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारे हे यंत्र पूर्ण भरले तरी २१ सेकंदांच्या आसपास संपायचे. आजचे ब्रिटनमधले रिचर्ड ब्राउनिंग यांचे हातांवर आणि पाठीवर टर्बाइन बांधलेले सूट याच कुळातले. माणूस हवेत ‘टांगून’ ठेवायचा म्हणजे थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा ढकलण्याचा जोर, पूर्ण वजनापेक्षा जास्त हवा, आणि इंधन त्याच हिशेबाने जळते.

विंगसूट म्हणजे हातापायांमध्ये कापडी पडदे असलेला पोशाख. तो हवेवर तरंगत खालीच येतो. त्यालाही इंजिने लावून झाली आहेत: फिनलंडच्या विसा पर्विआइनेन यांनी २००५ मध्ये पायांना दोन छोटी जेट इंजिने बांधून काही काळ उंची न गमावता उड्डाण केले. जेट पंख या दोघांच्या मधला. वजन पंख पेलतो, इंजिने फक्त हवेचा विरोध तोडतात आणि वर चढण्यापुरता जास्तीचा जोर देतात.

हे प्रत्यक्षात कोणी केले आहे?

सर्वांत मोठे नाव ईव्ह रॉसी यांचे. स्वित्झर्लंडच्या हवाई दलात मिराज उडवलेले लढाऊ वैमानिक, पुढे प्रवासी विमानांचे कॅप्टन. २००४ मध्ये दोन इंजिनांवर आणि २००६ मध्ये चार इंजिनांवर त्यांनी उड्डाणे केली. मे २००८ मध्ये बेक्स इथे जाहीर प्रात्यक्षिक दिले आणि २६ सप्टेंबर २००८ रोजी कॅले ते डोव्हर असा इंग्लिश खाडीवरचा सुमारे ३५ किलोमीटरचा पल्ला ९ मिनिटे ७ सेकंदांत कापला. २०११ मध्ये ग्रँड कॅन्यन, २०१३ मध्ये फुजी पर्वत. २०१५ पासून दुबईत फ्रान्सचे व्हिन्स रेफे त्यांच्या जोडीला आले, आणि दोघे एमिरेट्सच्या ए३८० विमानाच्या बाजूने उडाले. नंतर फ्रेड फ्यूजेन सामील झाले.

इंजिनाविना कडक पंखाचाही एक दाखला द्यायला हवा. फेलिक्स बाउमगार्टनर यांनी ३१ जुलै २००३ रोजी कार्बनचा पंख बांधून हीच खाडी नुसत्या घसरणीवर ओलांडली. त्यासाठी त्यांना नऊ हजार मीटरहून जास्त उंचीवरून उडी मारावी लागली होती. इंजिने आल्यावर तेच काम अडीच हजार मीटरवरून झाले. इंजिनांनी काय मिळवून दिले, ते या दोन आकड्यांत दिसते.

किती वेग, किती वेळ?

रॉसी यांच्या पंखाचे आकडे धरून चालू. सरासरी वेग ताशी २०० किलोमीटर, खाली झेपावताना ताशी ३००. चढताना ताशी १८० च्या आसपास. वेळ आठ ते दहा मिनिटे.

हा वेळ कुठून येतो ते मांडून पाहा. जेटकॅट या जर्मन कंपनीचे पी२०० जातीचे इंजिन पूर्ण थ्रस्टला मिनिटाला सुमारे ०.७३ लिटर इंधन पिते. चार इंजिने मिळून २.९ लिटर. टाकी ३० लिटरची, म्हणजे दहा मिनिटे. खाडीवरच्या नऊ मिनिटांच्या उड्डाणात शिल्लक किती उरली असेल याचा अंदाज त्यावरून करता येतो.

जमिनीवरून धावत जाऊन उडता येत नाही का?

नाही. कारण गणितात आहे. एक नमुना हिशेब:

उडणारा ७५ किलो, पंख इंजिनांसह ३० किलो, इंधन ३० लिटर म्हणजे सुमारे २४ किलो, दोन्ही पॅराशूट आणि हार्नेस (अंगाला आवळणारे पट्टे) १५ किलो, हेल्मेट, सूट, उपकरणे ५ किलो. बेरीज साधारण १५० किलो. चार इंजिनांचा थ्रस्ट प्रत्येकी २२ किलोप्रमाणे ८८ किलो. वजनाच्या साठ टक्क्यांहून कमी. एवढ्यावर सरळ उभे उचलले जाणे शक्य नाही.

आता धावपट्टीचा विचार. पंखाचे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर धरा आणि अशा आखूड, रुंद पंखाचा कमाल लिफ्ट गुणांक (पंख किती उचलू शकतो ते सांगणारा आकडा) १ धरा. १५० किलो पेलायला समुद्रसपाटीला ताशी सुमारे १३० किलोमीटर वेग लागतो. त्याच्या खाली पंख स्टॉल होतो, म्हणजे हवेची पकड सोडतो आणि उचलेनासा होतो. ताशी १३० ने कोणी धावू शकत नाही, आणि उतरताना पायांवर तो वेग झेलूही शकत नाही. ‘पायांवर उतरता येईल का’ या प्रश्नाचेही उत्तर हेच.

दुबईच्या चमूने मात्र १४ फेब्रुवारी २०२० रोजी हे कोडे वेगळ्या वाटेने सोडवले. रेफे उभ्याने जमिनीवरून उठले, पाच मीटरवर काही काळ तरंगले, मग चढत जाऊन आडवे झाले आणि १,८०० मीटरपर्यंत पोहोचून लूप मारून आले. १,००० मीटर गाठायला ३० सेकंद लागले. त्यासाठी थ्रस्ट वजनाच्या वर न्यावा लागतो, आणि झोताची दिशा वळवणारे नॉझल लागतात, कारण शून्य वेगाला पंख आणि शरीर यांचा तोल सांभाळण्यात काडीचा उपयोग नसतो. त्याआधी दोरखंडाला बांधून कितीतरी सराव उड्डाणे झाली होती. उतरणे मात्र पॅराशूटनेच झाले.

इंजिने कुठली असतात?

मोठ्या आकाराच्या मॉडेल विमानांसाठी बनलेली टर्बाइन, थोडे फेरफार करून. पी२०० चा व्यास साधारण १३ सेंटिमीटर, वजन अडीच किलोच्या घरात, कमाल फेरे मिनिटाला १,१२,०००. रचना साधी: पुढे एकच केंद्रोत्सारी कॉम्प्रेसर, मधे वलयाकार ज्वलनकक्ष, मागे एकच टर्बाइन चाक. स्टार्टर मोटर नाकावर. इंजिनाचा मेंदू म्हणजे ईसीयू हा छोटा संगणक. तो फेरे आणि झोताचे तापमान बघून इंधनपंपाला किती व्होल्ट द्यायचे ते ठरवतो.

दोन गोष्टी नव्या माणसाला चकवतात. पहिली: थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा नियंत्रक) ढकलला की थ्रस्ट लगेच येत नाही. सुस्त फेऱ्यांपासून, म्हणजे इंजिन जोर न लावता नुसते चालू असते तिथपासून, पूर्ण जोरापर्यंत तीन-चार सेकंद जातात. तेवढ्यात तुम्ही दीडशे-दोनशे मीटर पुढे गेलेले असता. म्हणून थ्रॉटल आधी, हालचाल नंतर. दुसरी: जाहिरातीतला थ्रस्ट हा समुद्रसपाटीला, उभ्या इंजिनाचा. २,५०० मीटरवर हवेची घनता सुमारे २२ टक्के कमी असते, थ्रस्ट जवळपास त्याच प्रमाणात पडतो, आणि स्टॉलचा खरा वेग १३ टक्के वाढतो. शिवाय इंजिन ताशी २०० ने पुढे जात असताना थ्रस्ट आणखी थोडा घटतो. हिशेब नेहमी वरच्या उंचीच्या आकड्यांवर करा.

इंधन कोणते?

जेट ए-१ किंवा स्वच्छ केरोसीन, त्यात ५ टक्के टर्बाइन तेल. ३० लिटरला दीड लिटर. या इंजिनांना तेलाची वेगळी टाकी नसते, इंधनाचाच एक छोटा वाटा बेअरिंगवरून जातो आणि तेच वंगण. तेल विसरले तर इंजिन सुरू होईल, नीट चालेल आणि थोड्याच वेळात बेअरिंग जाईल. त्यामुळे मिसळण्याचे काम एकानेच करावे, डब्यावर तारीख आणि प्रमाण लिहावे, आणि न लिहिलेला डबा वापरू नये.

दुसरा शत्रू बुडबुडा. पंपात हवेचा फुगा शिरला की ज्योत क्षणभर तुटते आणि इंजिन विझते. मोठ्या टाकीतून इंधन आधी एका छोट्या टाकीत घ्यायचे, तिच्यात शोषणारे जाळीदार पिशवीसारखे टोक असते आणि ती काठोकाठ भरलेली ठेवायची. उड्डाणाआधी पारदर्शक नळ्या उजेडात धरून बोटभर लांबीचाही फुगा दिसला तर पंप चालवून तो काढून टाका. सांध्याला बारीक चीर असेल तर इंधन बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. त्यामुळे ‘गळती नाही, म्हणजे नळी ठीक’ हा समज सोडा.

टाकी कुठे बसवायची हा आणखी एक मुद्दा. २४ किलो इंधन उड्डाणात संपणार असते. ते गुरुत्वमध्याच्या शक्य तितके जवळ नसेल तर पहिल्या मिनिटाला जुळलेला तोल आठव्या मिनिटाला बिघडलेला असतो.

बॅटरीवर का चालवत नाहीत?

केरोसीनच्या एका किलोत सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा असते, चांगल्या लिथियम बॅटरीत एक मेगाज्यूलच्या अलीकडे-पलीकडे. छोटी टर्बाइन फार उधळी असते हे खरे, तरी दरी भरून निघत नाही. २०२० मध्ये बीएमडब्ल्यूच्या सहकार्याने पीटर साल्झमान यांनी छातीशी १५ किलोवॉटचे विजेचे पंखे लावून विंगसूट उडवला. ताकद सुमारे पाच मिनिटे पुरेल इतकीच होती. त्या कामाला ते छान आहे. कडक पंखाचे दहा मिनिटांचे चढते उड्डाण अजून केरोसीनच मागते.

हँडल नाही, पाती नाहीत, मग वळायचे कसे?

शरीराने. हातात फक्त थ्रॉटल असतो. पाठ कमानीसारखी ताणली, छाती पुढे काढली की नाक वर जाते. कंबरेत किंचित वाकले की खाली. एक खांदा दाबला, डोके त्या बाजूला वळवले की त्या अंगावर कलते आणि वळण लागते. पाय जुळवून ताठ मागे, ते शेपटीचे काम करतात.

चूक होते ती जोर लावण्यात. ताशी २०० च्या वाऱ्यात हाताचा पंजा दहा सेंटिमीटर बाहेर गेला तरी पंख त्याला उत्तर देतो. घाबरलेला माणूस हातपाय पसरतो, उडी मारणाऱ्यांना तशी सवयच असते, आणि इथे त्याने तोल जास्तच बिघडतो. विंगसूटवर बराच काळ घालवलेले लोक लवकर शिकतात ते याच कारणाने. त्यांच्या अंगात बारीक हालचाल मुरलेली असते.

उडी नेमकी कशा क्रमाने घेतात?

चमूगणिक फरक असतो, पण सांगाडा असा:

१. जमिनीवर: बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या, प्रत्येक इंजिनाचा ईसीयू वेगळा तपासलेला, थ्रॉटलचे शून्य आणि कमाल पुन्हा जुळवलेले. पंख सोडण्याचा खटका वजन टांगून एकदा ओढून पाहिलेला. नुसत्या मोकळ्या पंखावर तो नेहमीच सुटतो, ताणाखाली सुटतो का ते बघायचे असते.

२. मुख्य आणि राखीव पॅराशूटच्या पिना, दोन्ही उंचीमापक, हेल्मेटमधला आवाज देणारा उंचीमापक. त्याचे इशारे आजच्या आखणीप्रमाणे लावलेले आहेत ना?

३. हेलिकॉप्टरने १,९०० ते २,५०० मीटर. उडणारा बाहेर, स्किडवर (हेलिकॉप्टरखालच्या उतरण्याच्या दांड्यावर). चारही इंजिने तिथेच सुरू होतात. झोत कुणावर, कशावर जात नाही हे आतला मदतनीस बघतो.

४. चारही इंजिने सुस्त फेऱ्यांवर स्थिर, तापमाने एकमेकांच्या जवळ. एक जरी कुरकुरत असेल तर उड्डाण रद्द, सगळी इंजिने बंद, परत खाली. ‘तीनवर निघू, चौथे हवेत येईल’ असे होत नाही.

५. सुटल्यावर लगेच वर ओढायचे नाही. नाक खाली ठेवून वेग घ्यायचा, पंखाने हवा धरल्याचे खांद्यांवर कळते, मग थ्रॉटल वाढवत हळूहळू आडवे व्हायचे. पहिल्या दहा सेकंदांतल्या बहुतेक गडबडी घाईने वर ओढल्यामुळे होतात: वेग कमी, कोन जास्त, पंख स्टॉल, गिरकी.

६. ठरलेल्या उंचीवर किंवा ठरलेल्या मिनिटाला, जे आधी येईल तेव्हा, इंजिने बंद, वेग कमी, छत्री.

रॉसी यांच्या सुरुवातीच्या पंखांची टोके दुमडती होती, कारण विमानाच्या दारातून बाहेर पडायचे होते. बाहेर पडल्यावर ती उघडत. दोन्ही बाजू एकदम न उघडल्या तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. पुढचा आखूड, अखंड पंख आणि हेलिकॉप्टर, यामुळे ही डोकेदुखी कायमची गेली.

एखादे इंजिन हवेत बंद पडले तर?

कुठले, यावर अवलंबून. मध्याजवळचे गेले तर ओढ कमी असते. टोकाकडचे गेले तर समजा ते मध्यापासून ४० सेंटिमीटरवर आहे, २२ किलोचा थ्रस्ट एका बाजूला उरतो आणि तो तुम्हाला फिरवू पाहतो. उभी शेपटी नसल्याने हे फिरणे थांबवणारे काही नसते. म्हणून सगळी इंजिने शरीराच्या शक्य तितकी लगत बसवतात. बंद पडल्याचे कळताच पहिली हालचाल थ्रॉटल खाली आणण्याची, म्हणजे ओढीतला फरकच मिटतो. मग सरळ व्हायचे, उंची बघायची.

हवेत पुन्हा सुरू करू नका. थंड इंजिनाला सुरू होऊन स्थिर व्हायला अर्धा ते एक मिनिट लागते. इंजिनाविना हा पंख दगडाहून बरा, पण ग्लायडर नव्हे. सेकंदाला वीस मीटर उतरत असाल तर एका मिनिटात १,२०० मीटर गेले. एवढी उंची खर्चून पदरात काय पडणार, तर एकदा विझलेले इंजिन.

सर्वांत धोकादायक प्रसंग कोणता?

सपाट गिरकी. पंख आडवा, तुम्ही त्याच्याखाली, आणि सगळे मिळून चक्रासारखे फिरते आहे. डोक्याकडे रक्त चढते, क्षितिज पुसले जाते, कुठल्या दिशेने फिरतोय तेही कळेनासे होते. कारणे तीनच: स्टॉल करून एका खांद्यावर पडणे, थ्रस्ट एका बाजूला जास्त होणे, किंवा वेग कमी असताना पंखाच्या एका टोकाला हवेचा धक्का बसणे.

उपाय क्रमाने: थ्रॉटल बंद. हातपाय आत. नाक खाली घालण्याचा प्रयत्न. पाच-सहा सेकंदांत फरक नाही तर पंख सोडा. पंखाला स्वतःचे पॅराशूट असते, तो वेगळा खाली येतो. मग तुम्ही साधे स्कायडायव्हर उरता, आणि तिथून पुढे काय करायचे ते तुम्हाला येते.

गिरकीत पंखासकट छत्री उघडणे हा शेवटचा पर्याय. दोऱ्या पिळतात, किंवा पंखाच्या टोकात अडकतात.

पंख सोडायचा निर्णय कधी घ्यायचा?

जमिनीवर. हवेत फक्त अंमलबजावणी. ताबा सुटल्यावर ताशी २०० च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ५५ मीटरने, उंची जाते. १,००० मीटर म्हणजे १८ सेकंद. कळायला तीन, प्रयत्नाला सहा, खटका ओढून पंखापासून सुटायला दोन, छत्री उघडायला चार-पाच. पंधरा-सोळा सेकंद गेले, आणि हे सगळे पहिल्या झटक्यात जमले तर.

म्हणून एक कठोर रेषा आखतात. उदाहरणार्थ, १,५०० मीटरखाली कसरती बंद, १,००० मीटरला ताबा नसेल तर पंख सोडणे, चर्चा नाही. हे आकडे प्रत्येकाने आपल्या पंखावर, आपल्या छत्रीच्या उघडण्याच्या वेळेवर बेतावेत. आमचे मत विचाराल तर या आकड्यांत सूट घेणारा माणूस इंजिने कितीही चांगली लावून आला तरी त्याला उडू देऊ नये.

स्वयंचलित उपकरण राखीव छत्री उघडतेच, मग एवढी काळजी कशाला?

ते उपकरण मोकळ्या घसरणीसाठी बनले आहे. सायप्रेससारखे नेहमीच्या वापराचे यंत्र साधारण २२५ मीटरवर, खाली येण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल तरच राखीव छत्री सोडते. जेट पंखात दोन्हीकडून गोची होते. चालू इंजिनांनिशी गिरक्या घेत तुम्ही ३५ पेक्षा कमी वेगाने खाली येत असाल तर ते गप्प बसेल. उलट तुम्ही ताबा ठेवून, मुद्दाम, जमिनीजवळ जोरात झेपावलात तर ते छत्री उघडेल, चालू इंजिनांसमोर. उपकरण लावाच, पण त्याच्या भरवशावर आखणी करू नका.

छत्री उघडताना काय सांभाळायचे?

वेग आणि वजन. उघडण्याचा झटका वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २०० ऐवजी ३०० असेल तर सव्वादोन पट. आधी इंजिने बंद, मग नाक हळू वर घेऊन वेग सोडायचा, स्टॉलच्या जरा वर असताना उघडायचे.

वजनाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. राखीव छत्रीच्या पट्टीवर कमाल वजन आणि कमाल वेग छापलेला असतो. उडी मारल्या मारल्या, टाकी भरलेली असताना तुम्ही १५० किलो आहात. बऱ्याच राखीव छत्र्या एवढ्यासाठी प्रमाणित नसतात. पंख टाकून दिला की तुम्ही ९५. पट्टी वाचा आणि मग पंखासह राखीव छत्री वापरायची का ते ठरवा.

पाय भाजत नाहीत?

झोताचे तापमान नळीच्या तोंडाशी सहा-सातशे अंशांपर्यंत जाते, पण उडताना ताशी २०० चा वारा त्याला मागे नेतो आणि पसरवतो. धोका असतो तो स्किडवर थांबलेले असताना आणि पाय फाकवल्यावर. म्हणून आगविरोधी कापडाचा सूट, घोट्यापर्यंत बूट, आणि बाहेर लोंबणारा एकही नायलॉनचा पट्टा नको. नायलॉन वितळून कातडीला चिकटतो. कानांना बोळे, वर हेल्मेट. इंजिने डोक्यापासून हातभर अंतरावर किंचाळत असतात.

ढगातून जाता येते?

नाही. समोर कृत्रिम क्षितिज नाही, आणि पांढऱ्यात शिरल्यावर आपण सरळ आहोत की कललेलो, हे कान चुकीचे सांगतो. नोव्हेंबर २००९ मध्ये रॉसी यांनी मोरोक्कोतून स्पेनकडे जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडण्याचा प्रयत्न केला तेव्हा ढग आणि वारा आडवे आले आणि त्यांना समुद्रात उतरावे लागले. तिथून त्यांना सुखरूप उचलले. पाण्यावरच्या उड्डाणात फुगणारे जॅकेट, नौका आणि हेलिकॉप्टर ही तयारी म्हणूनच अनिवार्य.

व्हिन्स रेफे यांचा अपघात कशामुळे झाला?

१७ नोव्हेंबर २०२० रोजी दुबईतल्या सरावात त्यांचा मृत्यू झाला. जमिनीवरून उठल्यानंतर कमी उंचीवर ताबा सुटला आणि पॅराशूट उघडले गेले नाही. त्या प्रकरणावर अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्यातला ढोबळ धडा बघावा. उभ्याने उठणाऱ्या पंखाला एक मधला पट्टा पार करावाच लागतो: पडलो तर निभावेल यापेक्षा वर, छत्री उघडेल यापेक्षा खाली. हेलिकॉप्टरमधून उडी मारणारा त्या पट्ट्यात कधी जातच नाही. या पट्ट्यातले सेकंद जितके कमी तितके बरे, आणि तिथे रेंगाळून सराव करायचा तर दोर बांधूनच.

शिकायला किती अनुभव लागतो?

जेट पंखाची ठरलेली शाळा किंवा परवाना नाही. पायऱ्या मात्र ठरलेल्या आहेत. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचा नियम साध्या विंगसूटसाठीच किमान २०० उड्या मागतो. तिथून पुढे विंगसूटवर काही शे उड्या, मग इंजिनाविना कडक पंख, मग रिकाम्या इंजिनांचे वजन, मग दोन इंजिने सुस्त फेऱ्यांवर. पंख सोडण्याचा सराव प्रत्येक पायरीवर पुन्हा, खऱ्या उडीत.

स्वतः बनवता येईल का? विकत मिळतो का?

दुकानात मिळत नाही. सुटे भाग मिळतात: टर्बाइन, ईसीयू, पंप, कार्बन कापड, हार्नेस. म्हणूनच मोह होतो. अवघड भाग पंख आणि इंजिने जोडणे हा नाहीच. अवघड आहे ते ताणाखाली, उलटे, फिरत असताना एका हाताने सुटणारा आणि नको तेव्हा न सुटणारा खटका. निम्मा वेळ त्यावर जाणार नसेल तर सुरू करू नका.

कायद्याने हे काय ठरते, विमान की पॅराशूट?

देशागणिक वेगळे, आणि बरेचदा अधिकाऱ्यांनाही आधी ठरवावे लागते. नमुना म्हणून अमेरिकेची अल्ट्रालाइट (अगदी हलक्या विमानांची) मर्यादा घ्या: रिकामे वजन ११५ किलोपर्यंत, इंधन सुमारे १९ लिटर, आडव्या उड्डाणात कमाल वेग ताशी १०२ किलोमीटर. पंख वजनात बसतो, इंधनात आणि वेगात बसत नाही. म्हणजे वेगळी परवानगी. हवाई क्षेत्र, हेलिकॉप्टर आणि खाली कोण राहते हे तीन प्रश्न कुठेही आधी विचारले जातात.

उड्डाणानंतर इंजिनांचे काय करायचे?

बंद केल्यावर ईसीयू स्टार्टर फिरवून आतली उष्णता बाहेर काढतो, साधारण १०० अंशांपर्यंत. ते होण्याआधी बॅटरी काढली तर आत साठलेली उष्णता बेअरिंगमध्ये शिरते. हवेत इंजिने बंद केल्यावर छत्रीखाली हे आपोआप होत असते, त्यामुळे तेव्हाही वीज तोडू नका.

खाली आल्यावर कॉम्प्रेसर हाताने फिरवून बघा. सुरळीत, आवाजाविना फिरला पाहिजे. खरखर आली तर बेअरिंग. वाळूत उतरला असाल तर पुढच्या तोंडातून टॉर्च मारा: पात्यांच्या कडा बोथट, चकचकीत दिसल्या तर वाळू आत गेली आहे, ते इंजिन पुन्हा लावू नका. खाऱ्या पाण्यात बुडालेले इंजिन त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, केरोसीन आणि तेलाच्या मिश्रणात बुडवून ठेवा आणि कारखान्याकडे पाठवा. गाळण्या प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी उघडा. चालू तासांची वही प्रत्येक इंजिनाची वेगळी ठेवा, पंखाची नव्हे, कारण इंजिने जागा बदलत राहतात. ठरवलेले तास भरले की चारही एकदम देखभालीला पाठवणे सोपे पडते, पण परत आलेली चारही एकदम पहिल्या उडीला लावू नका. आधी प्रत्येकाला जमिनीवरच्या स्टँडवर पूर्ण टाकीभर चालवा, आणि झोताचे तापमान जुन्या नोंदीशी ताडून बघा.